वाचक विचारतात : हिक्कडुवाला कधी जावं, पाण्यात कुठे उतरावं?

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत श्रीलंकेतल्या हिक्कडुवाला आठवडाभर राहायचा विचार आहे. आठ आणि अकरा वर्षांची मुलं बरोबर आहेत, त्यांना समुद्रात मनसोक्त खेळायचंय. बेत बरोबर आहे का?

उत्तर : गाव बरोबर, महिना चुकला. हिक्कडुवा नैऋत्य किनाऱ्यावर आहे आणि मे ते सप्टेंबर मोसमी वारे थेट त्याच बाजूने येतात. अधूनमधून लख्ख ऊन पडतं, खोल्या स्वस्त मिळतात, म्हणून लोक फसतात. समुद्र मात्र खवळलेला, पाणी गढूळ. याच महिन्यांत बेटाच्या ईशान्येला, त्रिंकोमालीजवळच्या उप्पुवेली-निलावेलीला पाणी शांत असतं. मे बदलता येत नसेल तर तिकडे जा. हिक्कडुवाच हवं असेल तर डिसेंबर ते मार्च. दिवाळीच्या सुट्टीचंही फारसं खरं नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस ठरलेला.

हंगामातसुद्धा सगळा किनारा सारखा नसतो. गावासमोर प्रवाळाचा बांध आहे. लाटा त्याच्यावर फुटतात आणि आतलं पाणी उथळ, संथ राहतं. मुलांना तिथेच उतरवा. दक्षिणेला नारिगामाकडे वाळू रुंद आणि देखणी आहे, पण तिथे लाटा अंगावर येतात आणि पाण्याला ओढ असते. ओढीची खूण अशी : दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत, मधला पट्टा मात्र सपाट आणि जरा गडद. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते! त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दमछाक होऊनच माणसं बुडतात. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि ओढ संपली की लाटांबरोबर आत या.

प्रश्न : मला पोहता येत नाही. प्रवाळ आणि कासवं पाहायला काचेच्या तळाची बोट घ्यावी का?

उत्तर : कासवांसाठी तरी नको. हिरवी समुद्री कासवं शेवाळ खायला अगदी कंबरभर पाण्यात येतात. कुणी भरवायला शेवाळाची जुडी पुढे करेल, घेऊ नका. दोन-तीन मीटरवर स्थिर उभे राहा, कासव आपलं खाणं चालू ठेवतं. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, हात लावू नका.

प्रवाळाबद्दल स्पष्टच सांगायचं तर अपेक्षा कमी ठेवा. 1998 मध्ये समुद्राचं तापमान वाढून इथला बराचसा प्रवाळ पांढरा पडला आणि मेला. मासे मात्र अजूनही भरपूर दिसतात. बोटीपेक्षा लाइफ जॅकेट घालून मास्क आणि नळी लावणं बरं, तेही सकाळी, वारा पडलेला असताना. भाड्याचा मास्क घेण्याआधी पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तरच घ्या. कडेखाली केस किंवा मिशी आली की पाणी शिरतंच. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून खळखळून घ्यावी. ऐकायला कसंतरी वाटतं, पण उपाय पक्का. प्रवाळावर पाय ठेवू नका : तो मोडतो, तळपाय कापतो आणि फटींमध्ये काटेरी समुद्री साळ बसलेली असते.

पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या भाजतात. पाणी गार लागत असल्याने ते कळतच नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट हाच खरा इलाज. सनस्क्रीनवर भिस्त असेल तर मोठ्या माणसाच्या सबंध अंगाला एका वेळी साधारण 30 मिली लागतं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. म्हणजे 100 मिलीची ट्यूब एकाच माणसाला एक दिवस पुरली तरी खूप.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी आहोत. जेवणाचे हाल होतील का?

उत्तर : हाल नाही, पण सावध राहा. भात आणि चार-पाच भाज्यांचं ताट सगळीकडे मिळतं, डाळ आणि फणसाची भाजी उत्तम असते. अडचण सुक्या माशाच्या चुऱ्याची. त्याला ‘उंबलकड’ म्हणतात आणि तो खोबऱ्याच्या चटणीत, कधी भाजीतही असतो. नुसतं ‘व्हेज’ म्हटल्याने भागत नाही, उंबलकड नको असं नाव घेऊन सांगा.

प्रश्न : कोलंबोहून कसं जावं?

उत्तर : कोलंबो फोर्ट स्थानकातून गॉल किंवा मातराला जाणारी गाडी पकडा. अडीच तासांच्या आसपास लागतात. जाताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला आहे. संध्याकाळी कचेऱ्या सुटतानाची गाडी टाळा, सामानासह उभं राहायलाही जागा मिळत नाही. पौर्णिमेला तिथे ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी मद्यविक्री बंद आणि सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली की गाड्यांना तुफान गर्दी, तेव्हा तारीख ठरवताना पंचांग बघा.