स्टिकरवर जाऊ नका, बॉटम ब्रॅकेट बघा

जुनी इटालियन पोलादी रेसिंग सायकल हाती आली की फ्रेमवरचं नाव आधी विसरा. स्टिकर कोणीही चिकटवतं. बॉटम ब्रॅकेटच्या शेलची, म्हणजे पेडलचा अक्ष फिरतो त्या फ्रेमच्या आडव्या नळीची, रुंदी मोजा: 70 मिमी भरली तर आटे बहुधा इटालियन, 68 भरली तर बहुधा इंग्लिश. इटालियन शेलचे दोन्ही कप (दोन्ही बाजूंनी आवळलेल्या, बेअरिंग धरणाऱ्या वाट्या) सरळ आट्यांचे असतात. ज्या बाजूचा कप काढायचा, तिकडून बघून घड्याळाच्या उलट फिरवायचा. इंग्लिश शेलमध्ये चेनकडचे आटे उलटे असतात; त्या सवयीने इथे चेनकडचा कप घड्याळाच्या दिशेने फिरवलात तर तो आणखी आवळेल, आणि आटे गेले की फ्रेमच धोक्यात. कप निघाला की टॉर्च मारून नळ्यांच्या आत डोकवा. पिळदार उंचवटे दिसले तर कोलंबस या इटालियन कंपनीची एसएलएक्स किंवा तिच्याच घराण्यातली नळी, म्हणजे फ्रेम खरंच जपण्यासारखी आहे! 27.2 मिमीचा सीटपोस्ट (सीटचा दांडा) हीसुद्धा चांगली खूण.

अपग्रेडची घाई नको. मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाकाचा अक्ष बसतो त्या खाचांमधलं) अंतर 126 मिमी असेल तर 130 मिमीचं नवं चाक सहज बसणार नाही. पोलादी फ्रेम न तापवता वाकवून रुंद करता येते, पण ते जाणकाराकडूनच, आणि नंतर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग जिथे लटकतो ती पट्टी) सरळ करून घ्याच. मी तर आधी केबल, ब्रेकपॅड आणि टायर बदलेन. काढलेले कॅम्पान्योलो या इटालियन कंपनीचे भाग विकू नका, आणि मूळ रंग खरवडू तर अजिबात नका.