लग्नघरातील प्रश्न : सजावट कोठे करावी, कोठे थांबावे

प्रश्न : मुलीचे लग्न मार्गशीर्षात सांगलीतील एका कार्यालयात आहे. मुहूर्त सकाळचा असून लगेच दुपारची पंगत आहे. डेकोरेटरने दाखवलेल्या अल्बममध्ये कृत्रिम फुलांच्या भिंती, ऑर्किड आणि सिंहासनासारखे सोफेच दिसतात. मुलीला सजावट स्टायलिश हवी आहे, तिच्या आजीला ती आपल्या पद्धतीची हवी आहे आणि आम्हांला खर्च आवाक्यात ठेवायचा आहे. सुरुवात कोठून करावी? (एक वधूमाता, सांगली)

उत्तर : अल्बम मिटून ठेवावा आणि एका कागदावर सीमांतपूजन, गौरीहर, मंगलाष्टके, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी असा विधींचा क्रम मांडून, प्रत्येक विधी कार्यालयात नेमका कोठे होणार ते गुरुजींना विचारून लिहावे. असे केल्यावर बहुतेक घरांना एक गोष्ट प्रथमच लक्षात येते, ती म्हणजे सजावटीचा मोठा खर्च व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर होतो आणि वधू जेथे गौरीहर पूजते ती जागा मात्र अडगळीच्या खोलीतील एका कोपऱ्यात उरते. मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून मुलगी जेथे बसते, तेथे खर्चाचा थोडा वाटा वळवला तरी आजींचा निम्मा आग्रह पूर्ण होईल, आणि छायाचित्रेही त्या जागेचीच अधिक चांगली येतील.

गौरीहराभोवती किंवा बोहल्याच्या चार कोपऱ्यांत मडक्यांच्या उतरंडी रचण्याची पद्धत अनेक घरांत होती. ही कल्पना आजही अतिशय देखणी दिसते. कुंभाराकडून उतरत्या आकाराची मडकी आणून त्यांवर केवळ चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढाव्यात, शेजारी केळीचे खांब उभे करावेत आणि वर आंब्याच्या पानांचे तोरण बांधावे. मडक्यांना सोनेरी रंग देण्याचा मोह टाळावा, कारण भाजलेल्या मातीचा रंग हळदीच्या पिवळ्या साडीला जितका खुलवतो तितका सोनेरी रंग खुलवत नाही. सर्वांत वरचे मडके मुलांच्या धक्क्याने पडणार नाही, अशा रीतीने उतरंड आतून काठीने आधारलेली असावी.

मार्गशीर्षात शेवंती, निशिगंध आणि झेंडू सहज मिळतात. मोगऱ्याचा खरा बहर उन्हाळ्यातला असल्यामुळे डिसेंबरात त्याचा हट्ट धरणे म्हणजे महाग आणि मलूल फुले विकत घेणे होय. पांढरा निशिगंध, पिवळी शेवंती आणि भरपूर हिरवी पाने एवढ्यावर थांबलात, तर सजावटीला आपोआप शिस्त येते. माझ्या मते ज्याला मुलगी ‘स्टायलिश’ म्हणते ते बव्हंशी रंगांच्या या संयमातच असते. कृत्रिम फुलांची भिंत रात्रीच्या दिव्यांत खपून जाते, पण सकाळच्या उजेडात तिचे प्लास्टिक लपत नाही. ताज्या फुलांची रचना फोमच्या हिरव्या ठोकळ्यांत खोचण्यास मात्र डेकोरेटरला मना करावे. ते ठोकळे कुजत नाहीत आणि निर्माल्यात मिसळले की वेगळे करता येत नाहीत. पाण्याने भरलेली पितळी भांडी किंवा ओल्या गवताच्या पेंढ्या तेच काम करतात.

कापडाबद्दल सांगायचे तर, बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा खण आपल्याकडच्या बाजारात मिळतो आणि त्याच्या काठांमुळे कोणतीही वस्तू सजल्यासारखी वाटते. मात्र खणाचा पन्हा लहान असल्याने त्याचा मोठा पडदा शिवू नये, जोड उघडे पडतात. तोरणे, लोडांचे अभ्रे, चौरंगाची झालर आणि रुखवताच्या टेबलावरील पट्टा यांसाठी तो योग्य आहे. डोक्यावरील छत मात्र मळखाऊ लाल किंवा गर्द पिवळे नसावे, कारण छताचा रंग खाली बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर उतरतो. तेथे हस्तिदंती कापड घ्यावे. दिवेही सर्व एकाच छटेचे मागावेत. ३००० केल्व्हिनच्या आसपासचा उबदार प्रकाश आणि ६५०० केल्व्हिनचा पांढरा प्रकाश एकाच बोहल्यावर पडला, तर वधूचा एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर दिसतो.

आता अंतरपाटाविषयी. मंगलाष्टके चालू असताना साऱ्या मांडवाची नजर ज्या एका कापडावर खिळलेली असते, ते बहुधा ऐन वेळी कोणाच्या तरी पिशवीतून काढलेले उपरणे असते. आजींचे जुने सुती नऊवारी असल्यास त्याच्या चांगल्या भागातून अंतरपाट करावा, मधोमध कुंकवाच्या रंगाच्या धाग्याने स्वस्तिक भरावे आणि कडेला मुलीच्या मावश्या-आत्यांनी एकेक वेल काढावी. कापड पारदर्शक नसावे आणि उंच व्यक्तीचा चेहराही झाकेल इतके रुंद असावे. हे घरीच दोघांना उभे करून तपासून पाहावे.

सप्तपदीच्या तांदळाच्या राशींसाठी उंच पाट किंवा सजवलेल्या पायऱ्या मांडू नयेत, कारण शालूचा काठ त्यांत अडकतो. जमिनीलगतच्या पत्रावळीच पुरेशा आहेत.

प्रश्न : आमचे लग्न नाशिकजवळच्या शेतावर, संध्याकाळी होणार आहे. प्रवेशद्वारापासून जेवणाच्या जागेपर्यंत सर्वत्र वारली चित्रे काढण्याचा विचार आहे. हे योग्य दिसेल का? (एक नियोजित वर, नाशिक)

उत्तर : दिसेल नक्कीच, परंतु काय काढायचे हे आधी ठरवावे. वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर लग्नचौक लिहिला जातो. तो सुवासिनी तांदळाच्या पिठाने लिहितात आणि त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. तो चौक त्या समाजाच्या विवाहविधीचाच भाग असल्यामुळे छायाचित्रे काढण्याच्या कोपऱ्यावर किंवा पाणीपुरीच्या ठेल्यामागे त्याची नक्कल करणे मला उचित वाटत नाही. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र विधीच्या बाहेर आणून शेती, मासेमारी आणि गावाचे रोजचे जगणे त्यात रंगवले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आपणही त्याच वाटेने, तारपानृत्य, भातलावणी, पक्षी आणि झाडे यांवर भर द्यावा. पालघर जिल्ह्यातील चित्रकाराला प्रत्यक्ष बोलावून गेरूने सारवलेल्या एकाच मोठ्या भिंतीवर काम करून घ्यावे आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. छापील वारली फ्लेक्स दहा ठिकाणी लावण्यापेक्षा ती एक भिंत शेताला शोभेल, आणि लग्नानंतरही राहील. मुहूर्त गोरज असल्यास मांडव पश्चिमेकडून बंद करू नये. तो उजेड विकत मिळत नाही.

प्रश्न : वधूवरांची नावे थर्माकोलमध्ये कोरून लावायची आहेत. हल्ली चालते का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. नावे बांबूच्या कामट्यांवर सुतळीने विणावीत किंवा सुपांवर रंगवावीत. सुपे पुढे घरात वापरता येतात.

प्रश्न : अमेरिकेत एका हॉटेलच्या सभागृहात लग्न आहे. मराठी वातावरण कसे आणता येईल? (एक वरमाता, न्यू जर्सी)

उत्तर : प्रथम होमाची परवानगी लेखी घ्यावी, कारण अनेक सभागृहांत उघड्या ज्योतीस मनाई असते आणि धुराने सूचक घंटा वाजू शकते. होम बाहेरच्या अंगणात करता येईल का, हेही त्याच वेळी विचारावे. ताजी आंब्याची पाने भारतातून सामानात नेण्याचा विचारही करू नये, ती तपासणीत काढून घेतली जाण्याचीच शक्यता अधिक. हिरव्या खणाची पाने कापून शिवलेले तोरण, मोत्यांच्या मुंडावळ्या, अंतरपाट आणि पितळी समया एवढ्या वस्तू एका बॅगेत मावतात. फुले तेथील हंगामाची घ्यावीत. पांढरी शेवंती तेथेही मिळते आणि सुईदोऱ्याने ओवल्यास तिचे हार छान होतात. ओवण्याचे काम आदल्या संध्याकाळी पाहुण्यांकडेच सोपवावे. मात्र ओवलेले हार रात्रभर ओल्या कापडात गुंडाळून थंड जागी ठेवावेत.