सात मिनिटांत ठाण्याचा किल्ला

प्रश्न : स्थानिक इतिहासावर मी गेली काही वर्षे लघुपट करतो आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला आणि त्यापुढची वसईची मोहीम यांवर माहितीपट करावा, अशी इच्छा आहे. इतिहासाचे कार्यक्रम करणाऱ्या निर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा परदेशात भरतात, असे समजले. तेथे नेमके काय चालते? पदरचा खर्च करून जाण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : अर्थ आहे, पण आधीची तयारी पुरी झाली असेल तरच. परिषद म्हटले की आपल्याला दीपप्रज्वलन आणि निबंधवाचन आठवते. या परिषदांमध्ये चर्चासत्रे असतात, पण खरे काम बाजाराचे चालते. विज्ञान, इतिहास आणि अन्य वस्तुनिष्ठ कार्यक्रमांच्या निर्मात्यांची ‘वर्ल्ड काँग्रेस ऑफ सायन्स अँड फॅक्च्युअल प्रोड्युसर्स’ असो, की फ्रान्समध्ये ला रोशेल येथे जून महिन्यात भरणारे ‘सनी साइड ऑफ द डॉक’ असो, तेथे एका बाजूला आपल्यासारखे निर्माते असतात आणि दुसऱ्या बाजूला वाहिन्यांचे कमिशनिंग एडिटर, म्हणजे कोणता कार्यक्रम घ्यायचा आणि त्यात किती पैसे घालायचे हे ठरवणारी माणसे. पिचिंगच्या, म्हणजे आपला विषय वाहिन्यांपुढे मांडून पैसे मागण्याच्या, सत्रात सहसा सात-आठ मिनिटे मिळतात, त्यानंतर प्रश्नांचा भडिमार होतो.

ऐतिहासिक माहितीपटाचा सगळा खर्च एकच वाहिनी सहसा उचलत नाही. दोन-तीन देशांतल्या वाहिन्या आपापल्या देशातील प्रक्षेपणाच्या हक्कांच्या बदल्यात वाटा उचलतात, त्यामुळे विषय एकाहून अधिक देशांतल्या प्रेक्षकांना आपला वाटावा लागतो. येथे आपली बाजू भक्कम आहे. वसईच्या मोहिमेची कागदपत्रे पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तरात मोडीत आहेत, तशीच पोर्तुगीज कारभाराची कागदपत्रे पणजीच्या पुराभिलेखागारात आणि लिस्बनमध्ये आहेत. किल्ला जिंकणाऱ्यांची आणि गमावणाऱ्यांची, अशा दोन्ही बाजू त्यांच्याच शब्दांत ऐकवता आल्या, तर पोर्तुगालमधल्या वाहिनीशी बोलणे सुरू करता येईल. केवळ विजयगाथा म्हणून मांडलेला विषय मात्र पहिल्या मिनिटातच परका होतो. आणि हे मी बाजाराच्या सोयीसाठी सांगत नाही. दुसऱ्या बाजूचा कागद न वाचता केलेला इतिहास मला व्यक्तिशः अपुराच वाटतो.

आता सर्वांत अवघड गोष्ट. मी प्रथम अशा कमिशनिंग एडिटरसमोर बसलो, तेव्हा विषय पोटतिडकीने सांगितला, सनावळी घडाघडा म्हटली, आणि समोरच्या बाईंनी शांतपणे विचारले, “हे सगळे तुम्ही सांगताना पडद्यावर मी काय पाहत असेन?” माझ्याकडे उत्तर नव्हते. अठराव्या शतकाचे छायाचित्र नाही, चलचित्र नाही. ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे, म्हणजे आत कॅमेरा नेणे सहजासहजी शक्य नाही. राहते ते नाट्यरूपांतर. ते चांगले करायचे तर खर्च फार, आणि स्वस्तात केले तर घोडे-तलवारींचा तोच तो देखावा.

म्हणून हात लावता येईल, अशी वस्तू शोधा. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिले, तर तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मरियमची उठावाची आकृती दिसते. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळांना दिल्या, त्यांपैकी ही एक. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही अशा घंटा आहेत. सकाळच्या उन्हात त्या आकृतीवरून सरकणारा कॅमेरा, पाठोपाठ मोडी कागदावर बोट ठेवून वाचणारा जाणकार आणि मग वसईच्या किल्ल्यातले छप्पर नसलेले चर्च, एवढी दृश्ये दोन-तीन मिनिटांच्या टीझरमध्ये आली, तर १७३९ च्या मे महिन्यातली पोर्तुगीजांची शरणागती कळायला परदेशी माणसाला निवेदनाची फारशी गरज पडणार नाही. टीझर करण्यापूर्वी विमानाचे तिकीट काढू नका.

अंदाजपत्रक ५२ मिनिटांच्या लांबीचे करा, कारण युरोपातल्या वाहिन्यांचा तासाचा माहितीपट तेवढाच असतो.

परदेशापूर्वी घराजवळचा अनुभव घ्यावा. माहितीपटांसाठी १९९० पासून भरणारा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव ठाण्याहून लोकलच्या अंतरावर आहे, आणि २०२४ मध्ये त्याला जोडून माहितीपटांचा बाजारही प्रथमच भरला. कोलकात्यात ‘डॉकएज’ या माहितीपटांच्या मेळाव्यातही पिचिंग होते. दुसऱ्यांचे पिचिंग मागे बसून ऐकले, तरी पुष्कळ शिकायला मिळते.

प्रश्न : बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या आगगाडीवर आम्ही काही मित्र कार्यक्रम करीत आहोत. इंटरनेटवर सापडलेली जुनी चित्रफीत वापरली, तर परदेशी वाहिनी हरकत घेईल का?
– एक वाचिका, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : निश्चित घेईल, आणि पहिली हरकत हक्कांची नसेल, सत्याची असेल. ती गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. मुंबईत चलचित्र प्रथम दाखवले गेले ते ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. तेव्हा त्या प्रवासाची चित्रफीत असणे शक्यच नाही. जी फिरते आहे ती नंतरच्या कुठल्या तरी गाडीची आहे, आणि ती ‘पहिली गाडी’ म्हणून दाखवणे ही प्रेक्षकाची फसवणूक होईल. दाखवायचीच असेल, तर पडद्यावर तिचा खरा काळ लिहा.

हक्कांविषयी थोडक्यात सांगतो ते असे. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, तर छायाचित्रांची मुदत २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून मोजली जाते. इतर देशांत मुदती वेगळ्या असतात, त्यामुळे येथे मुक्त झालेले चित्र तेथे मुक्त असेलच असे नाही. हक्क संपला, तरी चांगली प्रत ज्या संग्रहालयाकडे आहे ते तिचे शुल्क आकारू शकते, आणि ते शुल्क किती देशांत, किती वर्षांसाठी व कोणत्या माध्यमात दाखवणार यावर ठरते. परदेशी वाहिनी बहुधा चुका आणि हक्कभंग यांविरुद्धचा विमाही मागते, आणि तो उतरवताना प्रत्येक चित्राचा मालक, परवानगीची तारीख आणि मुदत लिहिलेली यादी द्यावी लागते. ही यादी संकलन सुरू होण्यापूर्वी करा. परवानगीचा कागद हाती येईपर्यंत ते चित्र कच्च्या संकलनातही बसवू नका, कारण एकदा संगीत आणि निवेदन त्यावर बेतले गेले, की ते काढताना अख्खा प्रसंग उसवावा लागतो.