गोळी कमी केली आणि तोंड जास्तच हलायला लागलं

प्रश्न: दादाला मानसिक आजारासाठी 9 वर्षं हॅलोपेरिडॉलची गोळी चालू आहे. वर्षभर झालं, तोंडात काही नसताना चघळत असतो, जीभ बाहेर येते. बघवत नाही म्हणून आम्ही घरीच गोळी अर्धी केली तर 15 दिवसांत उलट वाढलं. उंदरांनाही असं होतं असं वाचलं. गोळीमुळेच होत असेल तर कमी केल्यावर वाढलं कसं?

उत्तर: ताई, वाचलंत ते बरोबर आहे. उंदराला हॅलोपेरिडॉल दिलं की सुरुवातीला तो जखडतो, पुढचे पाय दांडीवर ठेवले तर तसाच बसून राहतो, कारण डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन जिथे जाऊन चिकटतं ते रिसेप्टर गोळीने अडवलेले असतात. पण औषध रोज चालू ठेवलं की काही आठवड्यांत हे जखडणं कमी होतं कारण मेंदू नवे रिसेप्टर बनवायला लागतो, 1977 साली बर्ट, क्रीज आणि स्नायडर या संशोधकांनी उंदरांत मोजलं तेव्हा स्ट्रायटम या हालचाली सांभाळणाऱ्या भागात 20 ते 25 टक्के वाढ दिसली होती. आता औषध काढा, डोपामिन तेवढंच पण ते घ्यायला बसलेले रिसेप्टर जास्त, मग हालचाल उसळते. दादाचं बहुतेक हेच झालंय, गोळीने जे दाबून ठेवलं होतं ते उघडं पडलं.

पण एवढ्याने सगळं उलगडत नाही. रिसेप्टर बहुतेक उंदरांत वाढतात, रिकामं चघळणं मात्र काहींनाच लागतं आणि तेही महिन्यांनी, औषध थांबल्यावरही ते बरेच दिवस टिकतं. माणसांतही तसंच, एकाच गोळीवर असलेल्या सगळ्यांना हे होत नाही. म्हणून तुमचं काही चुकलं म्हणून हे झालं असं मनात आणू नका.

मात्र घरी कमी-जास्त करणं आजच थांबवा. डोस वाढवला की चघळणं काही दिवस झाकलं जातं, तो उपाय नाही, आणि एकदम बंद केली तर मूळ आजार उसळू शकतो. सायकियाट्रिस्टना मोबाईलवर 2 मिनिटांचा व्हिडिओ काढून दाखवा, सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर आवर्जून सांगा, थरथरीला ती गोळी चांगली पण हे चघळणं तिने वाढू शकतं. क्लोझापिनसारखं औषध बदलून देता येईल का, अशी हालचाल कमी करणारं टेट्राबेनाझिन चालेल का, हेही विचारा, दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायची औषधं आहेत.

आणि त्याला 'तोंड बंद ठेव' म्हणू नका हो, बऱ्याच जणांना आपलं तोंड हलतंय हे कळतच नाही.