विमान कंपन्यांनी प्रवाशांवर कपड्यांचे नियम लादावेत का?

सौंदर्यदृष्टीसाठी मुळीच नाही, सुरक्षेसाठी थोडेफार जरूर.

अमेरिकेत स्पिरिट एअरलाइन्सने जानेवारी 2025 मध्ये पारदर्शक किंवा अंग पुरेसं न झाकणारे कपडे, अनवाणी पाय आणि अश्लील टॅटू यांवरची बंदी लेखी नियमांत स्पष्ट केली. लेखी नियम असलेला केव्हाही बरा. बहुतेक कंपन्या ‘अयोग्य पोशाख’ एवढंच म्हणतात आणि मग गेटवरच्या एका कर्मचाऱ्याची आवडनिवड हाच नियम होऊन बसतो. त्याचा फटका बहुतेकदा मुलींनाच बसतो. 2017 मध्ये अमेरिकेच्याच युनायटेड एअरलाइन्सने लेगिंग्ज घातलेल्या दोन मुलींना चढू दिलं नाही. त्या मुली कंपनीच्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीच्या पासवर होत्या, म्हणून त्यांना वेगळा नियम लागू होता, हे खरं. पण रांगेत सगळ्यांसमोर अडवलं जाण्याची लाज त्यामुळे कमी होत नाही.

मला खरी काळजी पायांची वाटते. आणीबाणीत अर्धीच दारं वापरून 90 सेकंदांत विमान रिकामं करता येतं, हे उत्पादकाला सिद्ध करावं लागतं. दारातून खाली उतरायची फुगवलेली घसरगुंडी टोकदार टाचांनी फाटू शकते, म्हणून तशा चपला काढायला लावतात. खाली तापलेला पत्रा, काचा असू शकतात. तेव्हा पायात घट्ट बसणारे सपाट बूट हवेत, अंगावर शक्यतो सुती कपडे. आगीत नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. सक्ती करायचीच तर पादत्राणांची करा.