एक्सएसडीवरून (एक्सएमएल फाइलच्या आराखड्यावरून) जनरेट केलेल्या जावा क्लासमध्ये सगळं नल येतंय, क्लास हाताने दुरुस्त करू का?

नका करू. क्लास बरोबर आहेत, एक्सजेसीने, म्हणजे एक्सएसडीवरून क्लास काढणाऱ्या टूलने, आपलं काम चोख केलंय. गडबड आजूबाजूला आहे.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. बँकेने पेमेंट फाइलसाठी आयएसओ २००२२ या बँकिंग संदेशांच्या मानकातल्या पेन.००१ ची, म्हणजे पैसे पाठवायच्या सूचनेची, एक्सएसडी दिली आणि तुम्ही तिच्यावरून जॅक्सबीचे (एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्ट यांची अदलाबदल करणारी लायब्ररी) क्लास काढले. फाइल वाचताना आधी 'अनएक्स्पेक्टेड एलिमेंट' आला. मग कुठेतरी वाचून तुम्ही अनमार्शलला (एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट देणारी मेथड) दुसरा पॅरामीटर म्हणून डॉक्युमेंट क्लास दिला. एरर गेला, पण आतलं सगळं नल. आणि लिहिताना मार्शलर (ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणारा) म्हणतो की क्लासवर रूट एलिमेंटचं, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या टॅगचं, अ‍ॅनोटेशनच नाही. ते हाताने टाकावं का, असं तुम्ही विचारताय.

आधी अ‍ॅनोटेशनचं बघू. एक्सएसडीत अगदी वरच्या पातळीवरच्या एलिमेंटच्या पोटातच, नाव न देता, कॉम्प्लेक्स टाइप लिहिलेला असेल तरच एक्सजेसी ते टाकतं. टाइपला स्वतंत्र नाव असेल तर उद्या त्याच टाइपचं दुसरं एलिमेंट कोणी काढू शकतं, म्हणून ते स्वतःच्या जबाबदारीवर ठरवत नाही. आयएसओच्या स्कीमांत नेमकं हेच आहे. एलिमेंटचं नाव डॉक्युमेंट आणि टाइपचंही नाव डॉक्युमेंट, पण त्या दोन वेगळ्या घोषणा आहेत.

मग रूटची माहिती गेली कुठे? ऑब्जेक्टफॅक्टरीत, एक्सजेसी क्लाससोबत काढतं त्या फाइलमध्ये. बरेच लोक ही फाइल उघडूनही बघत नाहीत. तिच्यात क्रिएट-डॉक्युमेंट नावाच्या दोन मेथड सापडतील. एक नुसता रिकामा ऑब्जेक्ट देते. दुसरी तुमचा भरलेला डॉक्युमेंट घेते आणि नाव आणि नेमस्पेससकट (एलिमेंट कुठल्या स्कीमातलं ते सांगणारी ओळख) जॅक्सबी-एलिमेंटमध्ये गुंडाळून परत देते. मार्शलरला हे गुंडाळलेलं द्या, तक्रार बंद. बाइंडिंग फाइलमध्ये (एक्सजेसीला सूचना देणारी फाइल) 'सिंपल' मोड लावूनही अ‍ॅनोटेशन मिळवता येतं, पण त्याने लिस्टच्या गेटरची नावं अनेकवचनी होतात आणि आधी लिहिलेला कोड फुटतो. चालू प्रोजेक्टमध्ये मी तरी तो लावणार नाही.

आता नलचं. तो दुसरा पॅरामीटर काढा. तो दिला की जॅक्सबी रूटचं नाव तपासतच नाही, समोर जे येईल ते डॉक्युमेंट समजून वाचायला घेतं. आतली एलिमेंट ओळखीची नसली तर गुपचूप ओलांडून पुढे जातं. म्हणजे खरं बोलणारा एरर तुम्ही गप्प केलात. तो परत येऊ द्या आणि नीट वाचा, उत्तर त्यातच असतं.

'अपेक्षित एलिमेंट' म्हणून 'नन' दिसत असेल, तर कॉन्टेक्स्ट, म्हणजे जॅक्सबीला कुठले क्लास आणि रूट माहीत आहेत ते ठेवणारा ऑब्जेक्ट, नुसत्या डॉक्युमेंट क्लासवरून बनलाय. त्या क्लासवर अ‍ॅनोटेशन नाही, म्हणून कॉन्टेक्स्टला एकही रूट माहीत नाही. तिथे ऑब्जेक्टफॅक्टरीचा क्लास किंवा पॅकेजचं नाव द्या. हातात जॅक्सबी-एलिमेंट येईल, त्यावर गेट-व्हॅल्यू करा.

एररमध्ये दोन्हीकडे लांबलचक यूआरएन (नेमस्पेसचं पूर्ण नाव) दिसत असेल तर शेपूट, म्हणजे आवृत्तीचा आकडा, बघा. फाइलमध्ये 'पेन.००१.००१.०९' आणि अपेक्षित 'पेन.००१.००१.०३', असं असण्याची दाट शक्यता आहे. बँकेने एक्सएसडी जुनी पाठवायची आणि नमुना फाइल नवी, हे चालतंच. इथे फाइलमधला ०९ बदलून ०३ करायचा मोह होतो. एरर जाईल, पण डेटाही जाईल. ०३ मधलं बीआयसी (बँकेचा कोड) हे एलिमेंट ०९ मध्ये बीआयसीएफआय झालंय. पैसे वळते करायची तारीख ०३ मध्ये थेट एलिमेंटमध्ये असते, ०९ मध्ये ती आणखी एका पायरीने आत, डीटी किंवा डीटीटीएममध्ये. पेमेंटच्या फाइलमध्ये बँकेचा कोड आणि तारीख नल आली तर काय होईल, ते सांगायला नको. बँकेकडून ०९ ची एक्सएसडी मागा आणि वेगळ्या पॅकेजमध्ये क्लास काढा. क्लासची नावंही बदलतात, पार्टी-आयडेंटिफिकेशन-३२ चं १३५ होतं. म्हणून ही नावं बाकीच्या कोडमध्ये पसरू देऊ नका, मधे आपले स्वतःचे दोन-चार क्लास ठेवा.

आणि एररच आला नाही, रूट सापडला, तरी आत नल? मग पॅकेज-इन्फो ही फाइल शोधा. क्लास एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करताना हमखास हीच मागे राहते, कारण ती क्लाससारखी दिसत नाही आणि ती नसली तरी कंपाइल बिनबोभाट होतं. पण आतल्या सगळ्या एलिमेंटचा नेमस्पेस कुठला, हे फक्त तिच्यात लिहिलेलं असतं. रूटचा नेमस्पेस ऑब्जेक्टफॅक्टरीत वेगळा लिहिलेला असल्याने रूट जुळतो, आतलं काहीच जुळत नाही.

अ‍ॅनोटेशन डोळ्यांसमोर आहे तरी 'नाही' असं म्हणत असेल तर इम्पोर्ट बघा. जॅक्सबी जावा ११ मध्ये, म्हणजे २०१८ साली, जेडीकेतून (जावाच्या मूळ संचातून) बाहेर पडलं. पुढे ३.० आवृत्तीत पॅकेज 'जावाएक्स'चं 'जकार्ता' झालं. क्लास एकाचे आणि रनटाइम दुसऱ्याचा असेल तर अ‍ॅनोटेशन असून नसल्यासारखं. स्प्रिंग बूट ३ वर गेलेल्या प्रोजेक्टमध्ये हे वारंवार दिसतं.

काहीही करा, अनमार्शलरवर सेट-स्कीमा करून एक्सएसडी जोडाच. मग गुपचूप नल येण्याऐवजी कुठल्या ओळीवर काय खटकलं ते कळतं. थोडा वेळ जास्त लागतो, लागू दे. जनरेट केलेले क्लास गिटमध्ये टाकू नका, मेव्हनच्या बिल्डमध्येच एक्सजेसी चालवा. हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या बिल्डला पुसली जाते हे एकदा सगळ्यांना दिसलं की टीममध्ये कोणी ती करत नाही. नावं किंवा तारखेचा टाइप बदलायचा असेल तर तो बदल बाइंडिंग फाइलमध्ये.

इतकं करूनही नलच आलं तर फाइलमधला डॉक्युमेंटचा सुरुवातीचा टॅग आणि एररमधला पूर्ण यूआरएन इथे टाका. खाते क्रमांक आणि नावं तेवढी पुसून.