नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणं जमतं का?

जमतं ना भाऊ, मी जळगावात नोकरी करतो आन लग्नसराईत भुसावळ, चोपड्याकडे वाजवायला जातो. बेसला चारच तारा, ई-ए-डी-जी या सुरांच्या, साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली, पण सोपं समजू नका, बेसचा ताल हलला की सगळा बँड हलतो. अहिराणी गाण्याला ढोलकीच्या घुमाऱ्यावर (खालच्या घुमणाऱ्या ठोक्यावर) बेसच्या तारेवर बरोबर बोट पडलं की खुर्चीवरच्या मावश्यापण उठून नाचतात, ते बघायला लय भारी वाटतं. महत्त्वाचं म्हणजे कीबोर्डवाल्याचा डावा हात बेसच वाजवत असतो, त्याला आधीच सांगा की खालचे सूर मला सोड, नाहीतर नुसता गोंगाट होतो. आणि मोकळी, म्हणजे बोट न दाबता वाजवलेली ई तार जवळपास 41 हर्ट्झची, म्हणजे लय खालचा सूर, छोट्या स्पीकरमधून नीट येतच नाही, बेसचा अँप (अँप्लिफायर) लागतोच. मे महिन्यात मांडवात ट्यूनिंग हलतं, मधेमधे तपासत राहा.